मोहरीलसाहेबांच्या गिटारची पोच

नंदकिशोर मोहरील गिटार वाजवतात हे अख्ख्या यवतमाळला माहीत होतं, आणि ती गिटार अख्ख्या यवतमाळात कुणी ऐकलेली नव्हती. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. जुनी हिंदी गाणी म्हणणाऱ्या 'सुरमिलाप' ग्रुपच्या प्रत्येक फोटोत डावीकडून तिसरे, क्रीम रंगाचं जाकीट, मान किंचित वाकडी, डोळे मिटलेले, ते मोहरीलसाहेब. फोटोत गिटार फार सुरेख यायची. दुसऱ्या दिवशी बाजारात लोक भेटले की म्हणायचे, "साहेब, काल काय दिसत होता तुम्ही!" आणि साहेब ते कौतुक गिटारचं समजून घरी घेऊन जायचे.

दिवसा साहेब एका सरकारी कार्यालयात जावक शाखा सांभाळत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला आधी शिक्का, मग क्रमांक, मग मूळ प्रत एकीकडे आणि माहितीसाठीची प्रत दुसरीकडे. शिक्क्याशिवाय कागद उंबरठा ओलांडत नसे, आणि पलीकडून पोच आल्याशिवाय साहेबांचा जीव भांड्यात पडत नसे. एकदा उमरखेडला पाठवलेल्या पत्राची पोच आली नाही म्हणून त्यांनी तीन स्मरणपत्रं धाडली. चौथं टाइप होत असताना कळलं की ते कार्यालय दोन वर्षांपूर्वीच बंद झालंय. साहेबांनी मग ते बंद झाल्याची पोच मागवली.

असा हा पोचेवर जगणारा माणूस गिटारच्या बाबतीत मात्र एकदम उदार होता. आपला आवाज मागच्या खुर्चीपर्यंत जातो की नाही, हे त्यांनी कधी तपासलं नाही. तपासणार तरी कसं? वाजवायचं स्टेजवर आणि ऐकायचं खुर्चीत, दोन्ही एकाच वेळी कुणाला जमणार? कार्यक्रमाआधी ते साउंडवाल्या नानाजींना वरूनच विचारायचे, "बरोबर आहे ना?" नानाजी खालून हात हलवायचे. साहेबांच्या पाठीमागचा त्यांचा स्वतःचा बॉक्स त्यांना तरी छान ऐकू यायचा, त्यामुळे प्रश्न मिटायचा. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरच्या पाहुण्यांनाही थोडंफार ऐकू जात असावं, पण पाहुणे सत्काराचा नारळ मिळाला की उठतात.

कधीतरी एखादा आगाऊ नातेवाईक म्हणायचा, "नंदूभाऊ, गाण्यात गिटार कुठं होती?" मग साहेब कारण सांगत. एका वर्षी वायर खराब होती. एका वर्षी बॉक्ससमोर लावलेला माइक हलका होता. दारव्ह्याला मैदान उघडं होतं, पुसदला हॉल बंद होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. साहेबांनी एकोणीस वर्षांत जिल्ह्यातलं एकही अंगण सरळ ठेवलं नव्हतं.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण ग्रुपमध्ये प्रेरणा नावाची नवी गायिका आली. आर्णीची, शाळेत शिक्षिका, आवाज स्वच्छ आणि जीभ त्याहून स्वच्छ. पहिल्या तालमीला खोलीत साहेबांची गिटार ऐकून तिचे डोळेच विस्फारले.

"काका, तुम्ही खरंच वाजवता?"

"म्हणजे?"

"नाही, मी तुमचे तीन कार्यक्रम पाहिलेत. मले वाटलं, तुमी फोटोपुरते हात हलवता."

तालीम थांबली. तबलजीनं तबल्यावरची पावडर झटकायला घेतली आणि बराच वेळ झटकत राहिला. साहेब हसले, पण ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर नीट बसलं नाही. त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला जाहीर करून टाकलं, की पुढच्या महिन्यात आर्णीच्या लॉनवर कार्यक्रम आहे, आणि तिथे शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपली गिटार ऐकू गेली नाही तर आपण गिटार कायमची माळ्यावर टाकू. मंजुषाबाईंनी विचारलं, "भाजी वाढू?"

प्रतिज्ञा केली की वस्तू विकत आणायची, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी खोड. कुणी व्यायामाचं ठरवून आधी बूट आणतो, तसे साहेब मॉडेलर घेऊन आले. मॉडेलर म्हणजे पायाशी ठेवायची पाटीएवढी पेटी. जगातले नामांकित अँप्लिफायर आणि स्पीकरचे बॉक्स यांच्या आवाजाची नक्कल तिच्या पोटात भरलेली असते. गिटारची वायर एकीकडून आत घालायची आणि दुसरीकडून दोन वायरी बाहेर काढायच्या. एक स्टेजवरच्या बॉक्सला, म्हणजे आपल्याला ऐकायला. दुसरी थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला, म्हणजे लोकांना ऐकायला. मध्ये माइक नाही, वारा नाही, अंगण नाही.

दोन वायरी म्हटल्याबरोबर साहेबांचा चेहरा उजळला. ही तर जावक शाखा! मूळ प्रत रंगमंचास, माहितीसाठीची प्रत श्रोत्यांस. त्यांनी आखीव कागदावर पट्टीनं नकाशा काढला. गिटार, मग अँप्लिफायर, मग बॉक्सच्या आवाजाची नक्कल, तिला त्यांनी 'शिक्का' असं नाव दिलं, आणि शिक्का बसल्यावर दोन फाटे. कागदावर तारीख घातली. मंजुषाबाईंनी तो कागद पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "यात तुम्ही वाजवणार कधी?"

नकाशा घेऊन साहेब लोहाऱ्याला गेले. तिथे एमआयडीसीच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये नानाजींचं साउंडचं दुकान. नानाजी साठीचे, शेती भावाकडे देऊन पस्तीस वर्षं बॉक्स वाहणारे. मॉडेलर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग नकाशा हातात घेतला आणि जिथे साहेबांची पट्टी सगळ्यात सरळ चालली होती तिथेच बोट ठेवलं.

"हे काय होय?"

"हा बॉक्सचा आवाज. म्हणजे खरा बॉक्स नसला तरी बॉक्समधून आल्यासारखा."

"मंग मले जी वायर देता तिले हे पायजे. मिक्सरच्या मधात खरा बॉक्स नाही. पण स्टेजवर तं तुमचा खरा बॉक्स हाये न? त्याले पुन्हा नकली बॉक्स कायले? लुगड्यावर लुगडं नेसवल्यावानी होईन ते. हे दोन फाटे झाल्यावर टाका, मायावाल्या फाट्यावर."

नानाजींनी पाच मिनिटांत जे ओळखलं ते साहेबांना तीन आठवडे व्हिडिओ पाहून कळलं नव्हतं. आणि आताही कळलं नाही, कारण सांगणारा माणूस टिनाच्या शेडमध्ये बनियनवर बसला होता.

"नानाजी," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "शिक्का आधी, फाटे मग. शिक्का नसलेला कागद मी बाहेर सोडत नाही."

"तुमची मर्जी साहेब," नानाजी म्हणाले आणि बॉक्सच्या जाळीवरची धूळ पुसायला लागले.

आर्णीच्या कार्यक्रमाच्या दिवशी साहेब दुपारी चारलाच लॉनवर हजर झाले. कार्यक्रम सातला होता. खुर्च्या मांडणं चाललं होतं, आणि स्टेजच्या पायरीवर हारवाली रामीबाई पाहुण्यांसाठी हार गुंफत बसली होती. साहेबांनी पेटी मांडली, वायरी लावल्या, एक मागे बॉक्सला, एक साठ फुटांवर बसलेल्या नानाजींच्या मिक्सरला, आणि पहिली तार छेडली.

मागच्या बॉक्समधून आवाज आला तो गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा. साहेबांनी भुवया उंचावल्या. पण उपाय त्यांच्याकडे तयार होता. त्यांनी पेटीतला बारीक आवाज, म्हणजे ट्रेबल, वाढवला. अजून वाढवला. गोधडी हलेना, म्हणून टोकापर्यंत नेला. तेव्हा कुठे बॉक्स माणसासारखा बोलू लागला.

हा सगळा वाढवलेला बारीक आवाज फाट्याच्या आधीच होता, म्हणजे तो बाहेरच्या वायरीतही तेवढाच गेला. फक्त तिकडे गोधडी नव्हती. दोन्ही बाजूंच्या उंच बॉक्समधून जे बाहेर पडलं त्यानं रामीबाईची सुई हारातून बोटात गेली. खुर्च्या मांडणारे खुर्च्या सोडून कान धरून उभे राहिले. केटररनं कढईमागून ओरडून विचारलं की पत्रा कोण कापून राह्यलं. हे सगळं तीन-चार सेकंद. मग एकदम शांत झालं, खुर्च्या पुन्हा सरकू लागल्या, आणि साहेब स्वतःच्या बॉक्सच्या आवाजात बुडून डोळे मिटून वाजवत राहिले.

"बरोबर आहे ना?" त्यांनी ओरडून विचारलं.

नानाजींनी हात हलवला.

एकोणीस वर्षं गोष्ट इथेच संपत आली होती. पण या पेटीत एक जास्तीची सोय होती. वाजवलेला तुकडा ती लक्षात ठेवायची आणि पायानं दाबलं की तोच पुन्हा पुन्हा वाजवत राहायची. साहेबांनी एक तुकडा भरला, बटण दाबलं, गिटार स्टँडला अडकवली आणि स्वतःची गिटार ऐकायला स्वतः खाली उतरले. चाल अशी, की वधूपित्यानं मांडव पाहायला निघावं.

सोफ्यांपाशी गिटार छान ऐकू येत होती. तिसऱ्या रांगेत ती बारीक झाली. पाचव्या रांगेत जनरेटरची घरघर वर आली. साहेब चालत राहिले. नवव्या रांगेत त्यांनी मागे वळून पाहिलं. पेटीचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तुकडा वाजत होता. शेवटच्या खुर्चीपाशी ते थांबले, बसले, उठले, शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं. केटररचा झारा ऐकू येत होता. रामीबाई बोटाला फुंकर घालत होती, ते दिसत होतं. गिटार कुठेच नव्हती.

ते मिक्सरपाशी गेले. नानाजी कागदी कपातून चहा पीत होते. मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांची लांब रांग होती, आणि प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर पेनानं नाव. तबला, ढोलक, की-बोर्ड, ही सगळी नावं बोटं लागून लागून पुसट झालेली, बटणं घासून चकचकीत. एकाच पट्टीवरची शाई ठसठशीत होती. 'मोहरील साहेब'. त्याचं बटण तळाशी होतं आणि त्याच्या खाचेत धूळ बसली होती. धुळीवर एक ताजा ओरखडा होता, वर जाऊन लगेच खाली आलेला.

साहेबांनी त्या धुळीवरून बोट फिरवलं. सरकारी माणसाला धूळ वाचता येते. कुठला कागद किती वर्षं हलला नाही, ते तो तिच्याकडे पाहून सांगतो.

"नानाजी, हे कधीपासून?"

नानाजींनी कप खाली ठेवला. ते खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

"पहिल्याच कार्यक्रमापासून, साहेब. गणपतीत घाटंजीले गेलतो, आठवते? वर केलता तुमाले. लोकायनं कान झाकले. कमिटीचा अध्यक्ष मायावर धावून आला. मंग खाली केला, तं सगळे खूश. तुमी बी खूश."

"एकोणीस वर्षं?"

"वर्षा-दोन वर्षानं थोडा वर करून पाहतो न. आताबी केला. बाईच्या बोटातून रक्त आलं."

"मला सांगायचं नाही का कधी?"

"तुमी इचारलं कधी? तुमी म्हणा, बरोबर हाये न? तं बरोबरच होतं."

एकोणीस वर्षांची सगळी कौतुकं साहेबांच्या डोळ्यांसमोरून गेली. "काय बहार आणली!" म्हणणारे बँकेचे मॅनेजर. "हातात जादू आहे" म्हणणाऱ्या शेजारच्या वहिनी. आणि दर कार्यक्रमानंतर न चुकता "छान झालं" म्हणणारी मंजुषा, जी नेहमी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसायची. साहेबांना फार वाईट वाटलं. लाज वाटली, रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, कारण अंगणं सगळी संपली होती.

त्यांनी बोटाला लागलेली धूळ रुमालाला पुसली. मग म्हणाले, "नानाजी, ते लुगड्याचं काय म्हणत होता तुम्ही?"

दोघं स्टेजवर गेले. साहेब गुडघे टेकून बसले आणि आयुष्यात प्रथमच शिक्का न मारलेली प्रत त्यांनी बाहेर सोडली. बॉक्सची नक्कल फाट्याच्या पलीकडे, फक्त मिक्सरच्या वायरीवर. स्टेजच्या वायरीवर काही नाही. गोधडी एका क्षणात उडाली. पेटीवरचं आवाजाचं मोठं चाक फक्त मागच्या बॉक्सपुरतं ठेवलं, म्हणजे साहेबांनी भरात येऊन कितीही पिरगाळलं तरी लोकांना इजा नाही. ही सूचना नानाजींची. वाढवलेला बारीक आवाज साहेबांनी बाहेर खुर्चीत बसून, ऐकून, मग जाऊन कमी केला. नानाजींनी तेवढ्यापुरतं साहेबांचं बटण वर घेतलं होतं. पाच फेऱ्या झाल्या. गुडघे दुखले.

सहाव्या फेरीला त्यांनी शेवटच्या खुर्चीत बसून आपला तुकडा ऐकला. आवाज गोड होता, स्वच्छ होता. आणि त्या स्वच्छ आवाजात साहेबांना स्पष्ट ऐकू आलं की आपण तालाच्या अर्धं पाऊल पुढे धावतो. तुकडा पुन्हा फिरून आला, पुन्हा धावला. पेटी भारी प्रामाणिक होती.

साहेब नानाजींजवळ आले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "नानाजी, पुढच्या वेळेपासून वर घेऊ. आज घ्या पुन्हा खालीच."

झाकली मूठ सव्वा लाखाची. नानाजींना ते पटण्यासारखं होतं. त्यांनीच तर ती इतकी वर्षं झाकून धरली होती. त्यांनी बोट बटणावर ठेवलं.

"तुमी सांगान तसं. वर का खाली?"

तेवढ्यात मागून प्रेरणा आली, गजरा माळत. "काका, झालं का तुमचं? आज तरी ऐकू येईन न?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. "वर," ते म्हणाले, आणि पुन्हा विचार बदलायच्या आत जाकीट घालायला निघून गेले.

सात वाजता सुरू झालं. सत्कार झाले, पाहुणे उठले. पहिल्या गाण्यात साहेबांची गिटार चारशे लोकांना ऐकू गेली आणि कुणी कान झाकले नाहीत, एवढंच. दुसऱ्या गाण्यात ते जे पळत सुटले ते कडव्याला प्रेरणाच्या आधी पोचून तिची वाट पाहत उभे. तिसऱ्यात एक तुकडा खरंच सुंदर आला. तबलजीनं चमकून मागे पाहिलं, कारण असं वाजलेलं त्यानं तालमीतही कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या गाण्यात मात्र साहेबांचं बोट एक घर पुढे पडलं आणि असा सूर लागला की चारशे माना एकदम वर झाल्या. साहेबांनी कार्यक्रमभर डोळे मिटलेच नव्हते, त्यामुळे त्यांना सगळ्या माना दिसल्या. त्यांनी नानाजींकडे पाहिलं. नानाजींचा हात बटणापाशी होता, पण खाली आला नाही.

कार्यक्रम संपल्यावर कार्यालयातले दोघं-तिघं भेटायला आले, चेहऱ्यावर काळजी घेऊन. "साहेब, आज तब्येत बरी नव्हती का? दरवेळी किती सुंदर वाजवता!" बँकेचे मॅनेजर लांबूनच हात करून गेले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, आज डोळे उघडे आले सगळ्या फोटोत, मजा नाही आली."

साहेब स्टेजवर एकटेच बसून वायर गुंडाळत होते, तेव्हा मंजुषाबाई पायऱ्या चढून वर आल्या.

"दुसऱ्या गाण्यात घाई केलीत," त्या म्हणाल्या. "आणि शेवटच्या गाण्यात तर चुकलातच."

साहेबांचे हात थांबले. "हे आधी कधी सांगितलं नाहीस."

"आधी ऐकू कुठे येत होतं?"

"तुला माहीत होतं?"

"चौथ्या रांगेत बसते मी, अहो. कान आहेत मला."

"मग दरवेळी छान झालं, छान झालं, ते काय होतं?"

"जाकीट छान बसायचं तुम्हाला. ते काय खोटं होतं?"

साहेबांनी वायर खाली ठेवली. एकोणीस वर्षं ते पाठवत होते, आणि पलीकडून कुणीतरी मिळालं म्हणून सांगितलं ते आज, तेही चुका काढून. त्यांचे डोळे भरून आले. बाजूला केटररचे लोक होते म्हणून त्यांनी जाकिटाच्या खिशात काहीतरी शोधल्यासारखं केलं, तेव्हा तो आखीव नकाशा हाती लागला. त्यांनी तो उलटा करून गुडघ्यावर ठेवला आणि पेन काढलं.

"पुन्हा सांग. कुठे कुठे?"

मंजुषाबाईंनी सांगितलं. साहेबांनी एक, दोन असे आकडे घालून लिहिलं, तारीख टाकली आणि कागद तिच्यापुढे धरला.

"खाली सही कर."

"कशाला?"

"कर तर."

त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि चार पायऱ्या उतरून पुन्हा वर आल्या. कागद मागून घेत म्हणाल्या, "थांबा, तिसरी चूक राहिली."